वॉचमन का टिकत नाही?

इमारतीत दोन प्रकारची माणसं असतात. राहणारी आणि बदलणारी. ज्यांनी फ्लॅट विकत घेतला ती राहणारी. खाली लिफ्टशेजारच्या पाटीवर पांढऱ्या रंगात त्यांची नावं असतात. भाडेकरू, वॉचमन, जिना झाडणाऱ्या मावशी, पाण्याची मोटर चालू-बंद करणारा माणूस ही बदलणारी. त्यांची नावं पाटीवर येत नाहीत. पुण्यात कोंढव्याच्या एका सोसायटीत मी गेली नऊ वर्षं भाड्याने राहतो आहे. म्हणजे मीही बदलणाऱ्यांतलाच. त्या नात्याने या विषयावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आपल्याकडे भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. का, ते फार कोणी विचारत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती चुकवायची म्हणून लोकांनी अकराचा आकडा धरला. पुढे महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे असं सांगितलं, मुदत कितीही असो. म्हणजे अकराचं कारण संपलं, पण अकरा राहिले. आमच्या इमारतीत तर सुरक्षा एजन्सीचा करारही अकरा महिन्यांचाच होतो. भाडेकरूचा आणि वॉचमनचा संसार असा एकाच मापाने मोजला जातो.

वॉचमन किती लवकर बदलतात हे मला ईदला कळतं. आमच्याकडे रमजान ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचे वाटे आधी खाली जातात, मग वरच्या मजल्यांवर. रमजान ईद आणि बकरी ईद यांच्यात साधारण सव्वादोन महिन्यांचं अंतर असतं. ज्याच्या हातात शीरखुर्म्याची वाटी दिली तो बकरी ईदपर्यंत गेटवर असेल, असं क्वचितच होतं. माझी बायको आता स्टीलची वाटी पाठवत नाही, कागदी पेला पाठवते. वाटी परत आणून देणारा माणूसच उरत नाही.

हे जातात कुठे? काही आपणहून जातात. मृगाचा पाऊस झाला की बीड-परभणीकडचा माणूस पेरणीला गावी जातो आणि परत येताना दुसऱ्या एजन्सीच्या गाडीत बसतो. एखादा तरुण पोलिस भरतीची तयारी करत असतो. रात्रपाळी करून पहाटे रस्त्यावर धावायला जाणारी अशी मुलं मी बरीच पाहिली. भरती निघाली की तो जाणार, आणि जावंच. कोणी मोटारसायकल मिळाली की पार्सलं पोहोचवायला लागतो, कारण तिथे निदान पैसे आठवड्याला हातात येतात. काहींना एजन्सीच हलवते. रहिवाशांशी ओळख वाढली, कोणी चहा द्यायला लागलं, की सुपरवायझर त्याला दुसऱ्या 'साइट'वर टाकतो. ओळख वाढणं हा सुरक्षेला धोका आहे असं त्यांचं शास्त्र सांगतं. मला हे शास्त्र कधी पटलेलं नाही. गेटवरच्या माणसाला घरं आणि माणसं ओळखता येणं, याहून दुसरी सुरक्षा कोणती? आणि काही एकगठ्ठा जातात, एजन्सीच बदलली म्हणून.

पण या सगळ्यांच्या मुळाशी एक हिशेब आहे. मी कवितेचा माणूस, बी. ए. पर्यंत शिकलेला. तरी हा हिशेब एवढा सोपा आहे की मलाही मांडता येतो.

गेटवर चोवीस तास माणूस हवा. आठ तासांच्या पाळ्या धरल्या तर दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एका माणसाने आठवड्याची सुट्टी घेऊन सहा पाळ्या करायच्या, तर एकवीस पाळ्यांना साडेतीन माणसं लागतात. आता बारा तासांच्या पाळ्या धरा. दिवसाला दोन, आठवड्याला चौदा. सुट्टी द्यायचीच नाही असं ठरवलं तर चौदा पाळ्या दोन माणसांत बसतात. एक गेट साडेतीन माणसांनीही सांभाळता येतं आणि दोघांनीही. कोटेशनवर दोन्हीकडे शब्द तेच असतात: 'चोवीस तास सुरक्षा'. फरक एवढाच की पहिल्या हिशेबात माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो, दुसऱ्यात ८४. आठवड्याला ८४ तास उभं राहणारा माणूस किती महिने टिकेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसरी गोष्ट कोटेशनची. सोसायटी तीन एजन्सींकडून दर मागवते आणि सगळ्यात कमी दर घेते. आता त्या दरात काय काय असतं ते बघा. सरकारने ठरवलेलं किमान वेतन. त्यावर पीएफचा मालकाचा वाटा १२ टक्के. ईएसआयचा सव्वातीन टक्के. बोनस. एजन्सीचा नफा. आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. यातलं बहुतेक सगळं कायद्याने ठरलेलं. तिन्ही एजन्सींना ते सारखंच लागू. मग एकीचा दर दुसरीपेक्षा तीन-चार हजारांनी कमी येतो तो कुठून? नफा सोडून कोणी धंदा करत नाही. तेव्हा तो येतो वॉचमनच्या खिशातून. कुठे पीएफ निम्म्याच पगारावर भरतात, कुठे गणवेशाचे पैसे कापतात, कुठे पहिला पगार 'डिपॉझिट' म्हणून अडकवून ठेवतात. त्यातच महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, नव्याने ठरतो. सोसायटीचा करार मात्र वर्षभर एकाच दराचा. मधे वाढलेले पैसे द्यायचे कोणी? एजन्सी सोसायटीकडे बोट दाखवते, सोसायटी कराराकडे.

सगळ्यात कमी दर स्वीकारला त्याच दिवशी, हा माणूस टिकणार नाही, हेही आपण ठरवलेलं असतं. फक्त ते ठरावात लिहिलेलं नसतं.

यात भाडेकरूचं काय बिघडतं, असं कोणी विचारील. भाडेकरू दिवसभर इमारतीतल्या ज्या गोष्टींवर जगतो त्या सगळ्या याच माणसांच्या डोक्यात असतात. महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, खालच्या टाकीत किती उरलं की मोटर बंद करायची, कोणता कॉक अर्धा ठेवला की 'सी' विंगच्या वरच्या मजल्यांना पाणी चढतं, हे आमच्याकडे कुठेही लिहिलेलं नाही. एक वॉचमन दुसऱ्याला सांगत असे. मधली कडी तुटली की सांगणारा कोणी नाही. एका वर्षात आमच्या दोन मोटरी जळल्या. नव्या माणसाने टाकी रिकामी झाल्यावरही मोटर चालू ठेवली होती. वार्षिक हिशेबात हा खर्च आला तो 'दुरुस्ती' या सदरात. 'सुरक्षा' सदरात मागच्या वर्षापेक्षा बचत दिसली आणि कमिटीचं अभिनंदन झालं. दोन सदरं एकमेकांशेजारी छापली होती. कोणी जोडून वाचली नाहीत.

मोटर जळली तर नवी बसवता येते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्री पावणेदोन वाजता चौथ्या मजल्यावरच्या एका वयस्क बाईंच्या छातीत दुखू लागलं. मुलाने १०८ ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, पण आली मागच्या गेटाशी, कारण मोबाइलच्या नकाशात तेच गेट दिसतं. ते रात्री कुलूपबंद असतं. पाळीवरच्या मुलाचा कामाचा तिसरा दिवस होता. किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापाशी होता, पंचवीस-तीस किल्ल्या, एकीलाही चिठ्ठी नाही. आधीच्या वॉचमनने मागच्या गेटाच्या किल्लीला लाल दोरा बांधून ठेवला होता. दोरा तिथेच होता. त्याचा अर्थ या मुलाला कोणी सांगितला नव्हता. तो एकेक किल्ली लावून बघत राहिला, वरून पाऊस. शेवटी ॲम्ब्युलन्स वळसा घालून पुढच्या गेटाने आत आली. दहा-बारा मिनिटं गेली. बाई वाचल्या, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी कमिटीने एजन्सीला खरमरीत पत्र लिहिलं आणि त्या मुलाला काढून टाकलं. त्याच्या जागी जो आला त्याचा तो पहिला दिवस होता. लाल दोऱ्याचं त्यालाही कोणी सांगितलं नाही.

त्या मुलाला काही शिकवलेलं होतं का? कायदा तर आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने २००५ साली कायदा केला. एजन्सीला परवाना लागतो. नमुना नियमांप्रमाणे नव्या रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर, किमान वीस दिवसांत मिळून, असं प्रशिक्षण द्यायचं असतं. तो मुलगा गावाहून निघून एजन्सीच्या खोलीवर एक रात्र झोपला होता आणि तिसऱ्या दिवशी आमच्या गेटवर उभा होता. वीस दिवसांचं प्रशिक्षण यात कसं बसवायचं?

जुन्या काळी बरं होतं, असं म्हणायचा मोह होतो. माझं लहानपण मुंबईत माझगावच्या एका भाड्याच्या इमारतीत गेलं. तिथे जिन्याखाली एक भैया राहायचा. आम्ही मुलं त्याला चाचा म्हणायचो. सत्तावीस वर्षं तो तिथे होता. कोणाच्या घरी पाहुणे कुठल्या गाडीने येणार, कोणाला उंबऱ्यावरून आत घ्यायचं नाही, कोणत्या घरात आजारी माणूस आहे, सगळं त्याला ठाऊक. तिथले भाडेकरूही बदलत नसत. १९४७ च्या भाडे कायद्याने त्यांना सहजी काढता येत नव्हतं. पण चाचाची पाळी कधी संपतच नसे. जिन्याखालच्या त्या खोलीत त्याला पाय लांब करता येत नव्हते, आणि बायकामुलं वर्षातून एकदा, गावी गेला की भेटत. तसलं टिकणं मला नको आहे. आठ तास काम, सुट्टी, वेळेवर पगार, आणि त्यामुळे माणूस टिकला, असं काही जमतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

जमतं. महाराष्ट्रानेच ते करून दाखवलं आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर राज्याने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं निघाली. रचना साधी आहे. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे. ज्याला रक्षक हवा तो कारखाना किंवा संस्था पगार आणि त्यावरची ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरते. मंडळ रक्षकाला पगार देतं आणि पीएफ, रजा, बोनस बघतं. काम करायची जागा बदलली तरी रक्षकाचं खातं मंडळाकडेच राहतं, नव्या दारात पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही. पण मंडळाचा दर खासगी एजन्सीहून जास्त पडतो, म्हणून सोसायट्या तिकडे फारशा वळत नाहीत. पीएफचंही तसंच. २०१४ पासून कामगाराला बारा आकड्यांचा एकच कायमचा नंबर मिळतो, नोकरी बदलली तरी तोच. आमच्या गेटवरच्या तिघांना मी तो नंबर विचारला. एकाला माहीत होता.

दुसरं उदाहरण आमच्या दारात रोज सकाळी येतं. कचरा नेणाऱ्या ताई. मी या इमारतीत राहायला आलो त्याच्या आधीपासून त्या इथे येतात. वॉचमन किती आले-गेले, मॅनेजर गेले, ताई त्याच. कारण त्यांची संघटना आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. ताईंना घरं नेमून दिलेली आहेत. पैसे त्या दर महिन्याला घराघरातून थेट घेतात, सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. मधे कोणी ठेकेदार नाही. त्यांना अडचणी नाहीत असं नाही. महापालिकेशी करार पुन्हा करायची वेळ आली की त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार असते. पण आमच्या घरात किती माणसं आहेत हे त्या कचऱ्यावरून सांगतात. मुलगी बाळंतपणाला आली होती तेव्हा अभिनंदन करणाऱ्या पहिल्या त्याच.

आता कारभाराकडे वळू. सेक्रेटरीला नावं ठेवणं सोपं असतं. पण तो बिचारा स्वतःची नोकरी करून रात्री नऊनंतर सोसायटीची कागदपत्रं बघतो, एक पैसा घेत नाही, आणि दोन मजल्यांच्या शिव्या खातो. मोठ्या संकुलांत आता पगारी मॅनेजर नेमतात. त्याची कंपनी वेगळी, वॉचमनची वेगळी, सफाईवाल्यांची तिसरी. आमच्याकडेही मधे दीड वर्ष मॅनेजर होता, म्हणजे दोन होते, एकामागून एक. दुसऱ्याने गेटवर मोबाइलचं ॲप आणलं. पाहुणा आला की माझ्या फोनवर घंटा वाजते आणि मी 'येऊ द्या' असं बोटाने सांगतो. चांगली सोय आहे. पण ॲपला तीनशे दोनमधल्या आजी एकट्या असतात हे कळत नाही, आणि वॉचमन बदलत राहिला तरी चालेल असं कमिटीला वाटू लागतं, हा त्याचा तोटा.

तक्रार करायची तर भाडेकरूने कुठे करायची? सहकार कायद्यात भाडेकरू फार तर नाममात्र सभासद होऊ शकतो. नाव किती नेमकं ठेवलंय बघा! नाममात्र सभासदाला मत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, सोसायटीची वार्षिक सभा होते. तिथे एजन्सी ठरते, दर ठरतो, आणि आम्ही वर घरात टीव्ही बघत असतो. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून जादा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा २००१ साली सरकारने घातली. ते शुल्क अर्थातच भाड्यातून वसूल होतं. म्हणजे थोडे जास्त पैसे भरून थोडं कमी बोलायचं. मला पाणी आलं नाही की मी घरमालकांना कळवतो. ते न्यू जर्सीत असतात. ते सेक्रेटरीला कळवतात, सेक्रेटरी एजन्सीच्या सुपरवायझरला, सुपरवायझर वॉचमनला. निरोप खाली पोहोचेपर्यंत वॉचमन दुसरा असतो. (आडनाव ऐकून दलालाचा आवाज कसा बदलतो, हा भाडेकरूचा आणखी एक अनुभव, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

तरी भाडेकरूला एक गोष्ट दिसते जी मालकाला दिसत नाही. वर्षातून एकदा हिशेबाचा कागद बघणाऱ्याला सुरक्षेचा खर्च दिसतो. भाडेकरू मालकांच्या नजरेने इमारत बघत नाही, कारण ती त्याची नाही. त्याला फक्त आज पाणी आलं की नाही, गेटवर ओळखीचं कोणी आहे की नाही, एवढंच दिसतं.

माझी धाकटी बहीण राहते ती सोसायटी आमच्यापासून फार लांब नाही. साठ फ्लॅट. तिथल्या कमिटीने तीन वर्षांपूर्वी पद्धत बदलली. एजन्सीशी अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार केला. विशेष भत्ता वाढला की दर आपोआप वाढेल अशी अट घातली. आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या. पगार बँकेत जमा झाल्याचा कागद आणि पीएफचं चलन जोडल्याशिवाय एजन्सीचं बिल मंजूर होत नाही. कमिटीला विचारल्याशिवाय माणूस हलवायचा नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली अट म्हणजे, जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर दोन दिवस काम करायचं, दोघांचा पगार सोसायटी देणार. किल्ल्यांना पितळी बिल्ले लागले. पाण्याचे कॉक कुठले, कधी, किती फिरवायचे, ते पंपाच्या खोलीत भिंतीवर ऑइलपेंटने रंगवून ठेवलं आहे.

सभेत यावर दोन तास भांडण झालं, असं बहीण सांगते. दोनाच्या जागी साडेतीन माणसं, म्हणजे दीड माणूस जास्त. एका माणसामागे सोसायटीला महिन्याला समजा २०,००० रुपये पडतात, तर ३०,००० जास्त. साठ घरांत वाटले तर घरामागे ५०० रुपये. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी उठून विचारलं, "पाचशे रुपयांत आम्हाला मिळणार काय?" त्यावर कोणीतरी त्यांना उलट विचारलं, "रात्रपाळीच्या वॉचमनचं नाव काय हो, काका?" त्यांना सांगता आलं नाही. फारच थोड्यांना सांगता आलं. ठराव चार मतांनी पास झाला. गेल्या तीन वर्षांत तिथला एकच माणूस गेला, तोही पोलिस भरतीत निवड झाली म्हणून. जायच्या आधी दोन दिवस तो नव्या मुलाला प्रत्येक कॉक हाताने फिरवून दाखवत होता, आणि गृहस्थांनी त्याला पेढे दिले.

हे सगळं मी एका कागदावर मुद्देसूद लिहिलं. मोटरींचा खर्च, पाळ्यांचा हिशेब, घरामागे किती पडतील ते आमच्या इमारतीच्या आकड्यांसह, आणि किल्ल्यांच्या बिल्ल्यांचा भाव, तो जुन्या बाजारात जाऊन विचारून आलो. सप्टेंबरच्या सभेत हे मांडावं म्हणून घरमालकांना पाठवून दिलं. चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. लिहिलं होतं, तुमचे मुद्दे अगदी बरोबर आहेत, पण मी तिथे राहत नाही, मी काय बोलणार?